जमीन थंड होती

विली, तुला नेमकं कुठं पुरलं ते कुणालाच ठाऊक नाही.

गाव ठाऊक आहे. टेक्ससच्या आग्नेय टोकाचं, तेलकारखान्यांचं ब्यूमाँट. कब्रस्तानही ठाऊक आहे, ब्लँचेट नावाचं, काळ्या माणसांचं. त्या मातीत कुठंतरी तू आहेस एवढं शोध घेणाऱ्यांनी हुडकून काढलं, तेही तू गेल्यावर साठेक वर्षांनी. मग तिथं तुझ्या नावाचा दगड उभा राहिला. पण त्या दगडाखाली तू असशीलच असं नाही. दगडाला तुझी जागा माहीत नाही, त्याला फक्त तुझं नाव माहीत आहे: ब्लाइंड विली जॉन्सन. त्यातही आंधळेपण आधी आणि माणूस मागून.

१८ सप्टेंबर १९४५. महायुद्ध संपून जेमतेम पंधरवडा झाला होता. त्याआधी केव्हातरी तुझं घर जळालं. तुझी बायको अँजेलिन दहा वर्षांनी सॅम्युएल चार्टर्स या संशोधकाला ते सांगत होती. दुसरीकडं जायला जागा नव्हती, म्हणून तुम्ही त्याच जळक्या घरात परत गेलात. आग विझवताना सगळं भिजलेलं. ओल्या अंथरुणावर वर्तमानपत्रं पसरली आणि तुम्ही आडवे झालात. तुला ताप भरला. दवाखान्यात नेलं तर आंधळा म्हणून घेतलं नाही, असं ती सांगायची. टेक्ससमध्ये त्या काळी दुसरंही एक कारण पुरेसं असायचं. मृत्यूच्या दाखल्यावर हिवताप लिहिलं आहे. वय अठ्ठेचाळीस.

तुझ्या डोळ्यांची हकिगतही अशीच ऐकीव. बाप सावत्र आईवर हात टाकायचा, तिनं रागाच्या भरात कॉस्टिकचं पाणी फेकलं ते तुझ्या तोंडावर आलं. तेव्हा तू सातेक वर्षांचा होतास म्हणतात. पुढं गिटार आली. गिटारीच्या मानेला तारेनं बांधलेला पत्र्याचा पेला आला, आणि टेक्ससमधल्या लहानसहान गावांचे कोपरे आले. शनिवारी कापसाच्या शेतांवरची माणसं बाजाराला यायची, तेव्हा एका कोपऱ्यावर तू उभा असायचास. आवाज असा की अंगाला खरवडत जावा. पेल्यात नाणं पडलं की वाजायचं, तो तुझा ताल नव्हता, तरी तुझं पोट त्याच तालावर चालायचं.

३ डिसेंबर १९२७ या दिवशी डॅलसमध्ये कोलंबिया कंपनीनं तुला यंत्रासमोर बसवलं. त्या दिवशी तू जे गाणं वाजवलंस त्याचं नाव एका जुन्या इंग्रजी स्तोत्रावरून घेतलेलं आहे: रात्र काळी होती, जमीन थंड होती. अठराव्या शतकातल्या थॉमस हॉइस नावाच्या धर्मोपदेशकाचं ते स्तोत्र. सुळावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू बागेत एकटा प्रार्थना करतो आहे, शिष्य झोपी गेले आहेत. विषय हा. पण तू त्यातला एकही शब्द म्हटला नाहीस. तीन मिनिटांहून थोडं अधिक तू नुसता गुणगुणलास, कण्हलास, कधी ओठ मिटून, कधी किंचित उघडून. आणि तारांवरून काहीतरी घसरत राहिलं. चाकूचं पातं, असं सांगतात.

दक्षिणेतल्या काळ्यांच्या चर्चमध्ये पुस्तकं नसायची, असली तर वाचता यायची नाहीत. म्हणून एक जण ओळ सांगायचा आणि सारी मंडळी ती ओढून, लांबवून, आपापल्या परीनं वाकवून म्हणायची. त्यातून तो सामुदायिक हुंकार उठायचा. त्या दिवशी खोलीत मंडळी नव्हती. मग गिटार ओळ सांगते आणि तू मंडळी होतोस. थोड्या वेळानं तू सांगतोस आणि गिटार मंडळी होते. कधी तू सूर अर्ध्यावर सोडून देतोस आणि उरलेला तार पुरा करते. ज्या गंधारावर तू रेंगाळतोस तो कोमल म्हणावा तर जरा चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे राहणारा हा सूर. पियानो वाजवणारे बिचारे दोन्ही पट्ट्या एकत्र दाबून त्याच्या जवळपास पोचायला बघतात. आपल्याकडच्या श्रुतीचं वळण असलेल्या कानाला तो गंधार परका वाटत नाही, आणि ती मींडही नाही. परकी वाटते ती थंडी.

इथं मला थांबलं पाहिजे, कारण मी तुला ब्लूजवाला म्हणायला निघालो आहे आणि ते तुला मान्य नव्हतं. तू देवाचं गाणारा. ब्लूज म्हणजे शनिवारची रात्र, दारू, बाई, सुरी. तू रविवारची सकाळ. तुझ्या ध्वनिमुद्रित तीस गाण्यांत सगळा बायबलचा कारभार आहे. पण विली, गाण्याला अंग असतं, आणि तुझ्या गाण्याचं अंग तेच आहे जे मिसिसिपीतल्या दारूच्या खोपटात नाचत होतं. तीच वाकवलेली तार, तोच खरवडणारा गळा. सन हाउस आधी धर्मोपदेशक होता आणि मग ब्लूज गाऊ लागला, जन्मभर दोन्हींच्या मधे फरफटला. थॉमस डॉर्सी मा रेनीबाईंच्या मागं ब्लूज वाजवायचा, त्यानंच पुढं चर्चच्या गॉस्पेल संगीताला आजचं रूप दिलं. भिंत होती, पण तिला दार होतं, आणि ते फारसं बंद नसायचं.

तर, चाकू.

१९०३ च्या सुमाराला डब्ल्यू. सी. हँडी नावाचा बँडमास्तर मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर रखडलेल्या गाडीची वाट बघत पेंगत होता. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस गिटारीच्या तारांवर चाकू दाबून वाजवत होता आणि एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणत होता. दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या ठिकाणाबद्दलची ओळ. एवढं विचित्र संगीत आपण कधी ऐकलं नव्हतं, असं हँडीनं आत्मचरित्रात नोंदवलं. हँडी शिकलेला होता, स्वरलेखन जाणत होता. त्यानं ते कागदावर उतरवलं, बेतलं, छापलं. १९१४ साली त्याचं 'सेंट लुइस ब्लूज' निघालं आणि जगभर गेलं. त्याला ब्लूजचा पिता म्हणू लागले. मेम्फिसमध्ये त्याच्या नावाची बाग आहे, पुतळा आहे. तो भला माणूस होता, त्यानं त्या फलाटावरच्या माणसाची आठवण लपवली नाही. फक्त त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

मी ज्याचा शोक करतो आहे तो बहुधा तिथून सुरू होतो. सूर जगला, प्रवासाला गेला, श्रीमंत झाला. ज्यांच्या घशातून तो निघाला त्यांची नावं फलाटावर राहिली.

गुलामी कायद्यानं १८६५ साली संपली. जमीन मात्र मालकाकडंच राहिली. मग तीच माणसं त्याच शेतात अर्धेलीनं कापूस पिकवू लागली. बियाणं, खेचर, पीठ, पायातले जोडे मालकाच्या दुकानातून उधार. वर्षअखेरीला वही उघडायची. लिहिणारा मालक, बेरीज करणारा मालक, वाचून दाखवणारा मालक. ऐकणाऱ्याच्या वाट्याला यायचा तो आकडा बहुतेकदा देण्याचा. मिसिसिपीच्या डेल्टात डॉकरी नावाच्या अशाच एका मोठ्या मळ्यावर चार्ली पॅटन वाढला, आणि तिथल्या माणसांच्या बाजूनं पाहिलं तर ब्लूजची तालीम त्या मळ्यावर झाली. नांगरामागं चालताना एकट्यानं मारलेल्या लांबलचक हाका, रेल्वेचे रूळ सरकवताना टोळीनं धरलेला ठेका, कैद्यांच्या कुऱ्हाडींचे घाव, आणि रविवारचा तो हुंकार. भिंतीवर तार ठोकून खाली बाटली सरकवायची की पोरांचं पहिलं वाद्य तयार व्हायचं, जवळजवळ एकतारीच. आपल्याकडच्या माणसाला इथं जात्यावरची ओवी आठवते आणि लगेच नातं जोडायचा मोह होतो. मी तो आवरतो. ओवी गाणारीचे हाल कमी नव्हते, पण तिच्या आजीला बाजारात उभं करून दात तपासून कुणी विकलेलं नव्हतं.

ब्लूजचा साचा कुणालाही अर्ध्या तासात शिकवता येतो. बारा मात्रागट, तीन स्वरमेळ. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरी ओळ तिला उत्तर देते. ही पुनरुक्ती मला फार काळ आळसाची वाटायची, पण ऐकता ऐकता तिची खोली लागते. पहिल्यांदा माणूस स्वतःला सांगतो की असं असं झालं. दुसऱ्यांदा, खरंच झालं ना, म्हणून चाचपतो. तिसऱ्या ओळीत हसतो, किंवा उठून चालायला लागतो. रडत बसणं त्यात क्वचितच आहे. प्रत्येक ओळ गट पुरा व्हायच्या आत संपते आणि मागं रिकामी जागा उरते. त्या जागेत गिटार बोलते. पुढं साऱ्या लोकप्रिय संगीतानं आपलं बिऱ्हाड थाटलं ते त्या रिकाम्या जागेतच. चक बेरीची गिटार तिथूनच बोलते. हेंड्रिक्सची तिथूनच पेटते. गाणारा थांबला की वाद्यानं त्याच्या मनातलं सांगायचं, ही रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणाची तरी होती हेच विसरायला झालं.

१९२७ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपी नदीनं ग्रीनव्हिलजवळचा बांध फोडला. लाखो माणसं उघड्यावर आली. काळ्या मजुरांना बांधावरच्या छावण्यांत बंदुकीच्या धाकानं अडकवून ठेवलं, कारण ते एकदा गेले तर कापूस कोण वेचणार? दोन वर्षांनी मेम्फिस मिनी आणि तिचा तेव्हाचा नवरा कॅन्सस जो मॅकॉय यांनी त्या फुटणाऱ्या बांधावर गाणं ध्वनिमुद्रित केलं. मिनी म्हणजे मूळची लिझी डग्लस, विली, तुझ्याच वर्षी, १८९७ साली जन्मलेली म्हणतात. गिटारीवर तिनं पुरुषांना पाणी पाजलं. शिकागोत बिग बिल ब्रून्झीशी तिची जुगलबंदी झाली आणि तो हरला, हे त्यानंच मोठ्या खुशीत सांगून ठेवलं आहे. १९७१ साली लेड झेपलिन या इंग्रज चौकडीनं तेच गाणं जिन्याखाली ड्रम ठेवून असं काही दणाणून वाजवलं की त्या ड्रमचा ठोका पुढं हिपहॉपवाल्यांनी उचलला. गीतकारांच्या यादीत चौघांच्या नावांमागं मिनीचंही नाव छापलं होतं, हे कबूल करायला हवं. ती तेव्हा जिवंत होती, मेम्फिसमध्ये, पक्षाघातानं खिळलेली. १९७३ साली गेली. कबरीवर दगड लागला १९९६ साली, त्याचे पैसे गायिका बॉनी रेटनं दिले. चार्ली पॅटन १९३४ साली गेला. त्याचा दगड १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन फॉगर्टीनं बसवला, ज्याच्या बँडनं नदीची, दलदलीची गाणी गाऊन अमेरिका वेडी केली होती.

आणि बेसी स्मिथ. ब्लूजची सम्राज्ञी. १९२३ पासून तिच्या रेकॉर्डी लाखांनी खपल्या, इतक्या की कंपनी त्यांच्यावर तरली असं म्हणतात. २६ सप्टेंबर १९३७ ला मिसिसिपीत, एकसष्ट नंबरच्या महामार्गावर मोटारीच्या अपघातात तिचा हात कोपरापासून जवळपास तुटला. गोऱ्यांच्या दवाखान्यानं नाकारल्यामुळं ती मेली, ही गोष्ट कित्येक वर्षं छापली गेली, तिच्यावर नाटक आलं. पुढं चरित्रकारानं कसून शोध घेतला तर तसं घडलेलं नव्हतं. तिला थेट क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या दवाखान्यातच नेलं होतं. गोष्ट खोटी होती, पण इतके दिवस खरी वाटली, कारण तिथं ती कुणाचीही असू शकली असती. फिलाडेल्फियाच्या अंत्ययात्रेला हजारो माणसं आली. कबरीवर दगड नाही. दगडासाठी निधी जमवला गेला आणि तो वाटेतच जिरला. तेहतीस वर्षं गवत. १९७० च्या ऑगस्टमध्ये दोन बायकांनी पैसे घातले. एक जॅनिस जॉप्लिन, बेसीचं ऐकून ऐकून गायला शिकलेली टेक्ससची गोरी पोर. दुसरी वानिटा ग्रीन, जिनं लहानपणी बेसीच्या घरची लादी पुसली होती. जॅनिसचं नाव सगळ्यांना आठवतं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ती स्वतःच गेली. मला वानिटाबाईंचं अधिक वाटतं. गाणं आवडलं म्हणून नव्हे, मालकीण आठवत होती म्हणून त्यांनी पैसे दिले असतील.

रॉबर्ट जॉन्सनला एकाला तीन दगड आहेत, तीन वेगवेगळ्या कब्रस्तानांत. चौरस्ता, मध्यरात्र आणि सैतान ही गोष्ट मी सांगणार नाही, ती वापरून वापरून झिजली. त्याच्याबद्दल मला दुसरंच आठवतं. १९३८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये काळ्यांच्या संगीताचा मोठा जलसा ठरला, संयोजक जॉन हॅमंडनं त्याला बोलावणं धाडलं, आणि कळलं की तो ऑगस्टमध्येच मेला, सत्ताविसाव्या वर्षी. त्याच्या जागी ब्रून्झी गायला. पण त्याआधी रंगमंचावर ग्रामोफोन आणून जॉन्सनच्या दोन रेकॉर्डी वाजवल्या. आपला माणूस आता केवळ रेकॉर्डीत आहे, हे ब्लूजला त्या संध्याकाळी पहिल्यांदा उघड दिसलं असेल.

मग गाड्या. इलिनॉय सेंट्रलच्या गाड्यांनी डेल्टाची माणसं शिकागोला जात राहिली, खटारे भरावे तशी. १९४१ साली ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे दोघं स्टोव्हॉलच्या मळ्यावर आले आणि एका ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं गाणं त्यांनी मुद्रित केलं. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकून त्या माणसाला वाटलं, अरे, हे जमतंय. दोन वर्षांनी तो शिकागोला निघाला. तोच मडी वॉटर्स. लोमॅक्सचं नाव सगळे घेतात. जॉन वर्क हा फिस्क विद्यापीठातला काळा विद्वान, त्याचं नाव कित्येक दशकं फाइलींत पडून राहिलं. शिकागोच्या दारूगुत्त्यांत गोंगाट एवढा की साधी गिटार ऐकू येईना. मडीनं वीज जोडली. रॉक संगीत म्हणून जे जगानं डोक्यावर घेतलं त्याची गर्भधारणा एका व्यवहारी अडचणीतून झाली. त्याच्या एका गाण्यावरून लंडनच्या काही पोरांनी १९६२ साली आपल्या टोळीचं नाव ठेवलं रोलिंग स्टोन्स. तीन वर्षांनी अमेरिकन दूरदर्शनवर आपल्याआधी हाउलिन वुल्फला गाऊ द्या, अशी अट त्यांनी घातली, आणि तो सव्वासहा फुटी डोंगर गात असताना ते त्याच्या पायाशी बसले. अमेरिकेतल्या गोऱ्या घरांना त्यांच्याच गल्लीतला माणूस इंग्लंडच्या पोरांनी आणून दाखवला!

तुझ्याही गाण्यांवर पाळी आली, विली. झेपलिनच्या १९७५ आणि १९७६ च्या रेकॉर्डींवर तुझी दोन गाणी आहेत. एकावर गीतकार म्हणून चौघांची नावं, दुसऱ्यावर दोघांची. तुझं नाही. गाण्यांची ने-आण मला गैर वाटत नाही. तूही हॉइसचं स्तोत्र उचललंस, पॅटननं कुणाचं, जॉन्सननं सगळ्यांचं. गाणं असंच जगतं, आणि जो चाल उचलून तिला नवा जीव देतो त्याला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही. झेपलिनचं वाजवणं थोर आहे, ते मी आजही ऐकतो. पण उचलणं निराळं आणि वही मांडणं निराळं. मळ्यावरच्या दुकानातली वही शहरात आली तेव्हा तिचं नाव करारनामा झालं. लिहिणारा तोच, बेरीज करणारा तोच. आर्थर क्रूडपच्या गाण्यानं १९५४ साली एल्विस प्रेस्लीची कारकीर्द सुरू झाली. क्रूडप शेतमजुरी करत, हक्काच्या पैशांसाठी झगडत १९७४ साली गेला. बिग मामा थॉर्नटन सांगायची की तिच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचे तिला पाचशे डॉलर मिळाले, तेवढेच. वही उलटी फिरवली ती विली डिक्सननं. १९८५ साली त्यानं झेपलिनला कोर्टात खेचलं, दोन वर्षांनी तडजोड झाली. पुढं शिकागोची चेस कंपनीची जुनी इमारत त्याच्या विधवेनं विकत घेतली, आणि कलावंतांना त्यांचे हक्काचे पैसे मिळवून द्यायला त्यानं काढलेली संस्था तिथं गेली.

आमच्याकडं हे संगीत आलं ते जहाजानं आणि ताजमहाल हॉटेलच्या दारातून. १९३५ साली लिऑन ॲबी आपला काळा बँड घेऊन मुंबईला आला. मागून टेडी वेदरफर्डसारखे आले. तो पुढं कलकत्त्याला कॉलऱ्यानं गेला, तुझ्याच साली, विली. त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे वाजवणारे तो वाकडा गंधार शिकले. आल्डोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ 'चिक चॉकलेट' झाला. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्याला 'अलबेला'त घेतलं, आणि १९५७ साली 'आशा'तलं 'ईना मीना डीका' उसळलं तेव्हा मिसिसिपीचा ठेका दादरच्या लग्नांच्या बँडपर्यंत पोचला. त्या गाण्यांमागं मेळ बांधणारे, रात्रभर बसून चाळीस वाद्यांचे कागद लिहिणारे गोवेकर पडद्यावरच्या नामावळीत सहसा दिसायचे नाहीत. सूर इथंही नावं मागं ठेवूनच आला. त्याला तशीच सवय लागली होती.

मराठीत त्या नावांची हाक एकानं मारली. अरुण कोलटकरांना एका मुलाखतीत आवडते लेखक विचारले तेव्हा त्यांनी जी लांबच लांब यादी दिली तिच्यात जनाबाई आहे, पठ्ठे बापूराव आहेत, बहिणाबाई आहेत, आणि त्याच दमात रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली, हाउलिन वुल्फ. लेखकांच्या यादीत. कुणी त्याला कवीची चेष्टा म्हणेल. मला ती यादी इमानाची वाटते.

२०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव सुरू झाला आणि लुइझियानाच्या अर्धेलीच्या शेतात जन्मलेला, पोरवयात भिंतीवरच्या तारांवर बोटं घासलेला बडी गाय तिथं गायला. वय चौऱ्याहत्तर, अंगात ठिपक्यांचा सदरा, हातात ठिपक्यांची गिटार. अशा रात्री ऐकणाऱ्यांच्या हातात महागडे पेले असतात. असू देत. शनिवारची रात्र ती तशीच असायची, डेल्टातही.

आणि एक ठिकाण, जिथं तुला शेजार मिळाला आहे. १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, पृथ्वीवरच्या सत्तावीस संगीतरचना घेऊन. कार्ल सेगन आणि सोबत्यांनी निवडलेल्या. तुझी ती शब्दांवाचूनची तीन मिनिटं त्यात शेवटून दुसरी आहेत. त्यांच्या लगेच आधी केसरबाई केरकर भैरवी गातात. फोंड्याजवळच्या केरीच्या, कलावंत घराण्यातल्या, अल्लादियाँ खाँसाहेबांकडं दोन तपांहून अधिक काळ घासलेल्या सुरश्री केसरबाई, ज्यांना ध्वनिमुद्रणाचं विशेष प्रेम कधीच नव्हतं. बाईंचा आवाज विरतो आणि तुझा चाकू तारेवर टेकतो. आता त्यांतलं व्हॉयेजर-१ हे यान २४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे. यान सुटल्यावर अकरा दिवसांनी बाई गेल्या, १६ सप्टेंबरला. तुझी तिथी दोन दिवसांनंतरची. बाईंच्या नावानं गोव्यात संगीत समारोह होतो, गावात शाळा आहे. तुझ्या पेल्यात ते पडलं नाही. तबकडीवर चक बेरी आहे, लुई आर्मस्ट्राँगही आहे. तुमच्या मळ्यातली तीन माणसं त्या सत्ताविसांत गेली, हे तुझ्या हयातीत कुणी सांगितलं असतं तर तू बायबलमधली एखादी ओळ पुटपुटून पुढच्या कोपऱ्याकडं चालू लागला असतास.

एवढं लिहिलं, अँजेलिनचं नाव घेतलं, पण एक नाव राहिलं. तुझ्या कितीतरी गाण्यांत मागून एका बाईचा आवाज येतो. तू ओळ अर्धी सोडतोस, ती पुरी करते. पातळ, सरळ, न डगमगणारा आवाज, तुझ्या खरखरीला टेकू दिल्यासारखा. वर्षानुवर्षं सगळे समजत होते की ती अँजेलिन. १९७० च्या दशकात एका संशोधकाला टेक्ससमधल्या मार्लिन गावी दुसरीच बाई भेटली, तुझी आधीची सहचारिणी. त्यानं रेकॉर्ड लावली आणि ती आपली जागा बरोब्बर धरून गाऊ लागली. डॅलसला तीच होती, अटलांटालाही तीच. लेबलवर फक्त तू आहेस. तिचं नाव विली बी. हॅरिस.